अठ्ठ्याहत्तर दिवसांची नभोवाणी

जमिनीला कुंपण घालता येते, पाण्याला बांध घालता येतो. पण आकाशाला कुंपण कसे घालावयाचे, हा प्रश्न बिनतारी विद्येचा जन्म होईपर्यंत कोणत्याही राजसत्तेला पडला नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पडला, आणि प्रत्येक राजसत्तेने त्याचे एकच उत्तर काढले: परवाना. ज्याच्यापाशी परवाना असेल त्याने बोलावे, इतरांनी ऐकावे. आणि हिंदुस्थानात तर ऐकण्यासाठीही परवाना काढावा, असा दंडक होता. मुंबईचे पहिले रीतसर ध्वनिक्षेपण केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलै १९२७ रोजी सुरू केले, तेव्हा ज्याच्या घरी ग्रहणयंत्र असेल त्याला वर्षाला १० रुपये भरून परवाना घ्यावा लागे. त्या कंपनीचे तीन वर्षांतच दिवाळे निघाले, १९३० साली सरकारने ते काम आपल्या हाती घेतले, व १९३६ साली त्या खात्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले.

ह्या परवान्याच्या मुळाशी दोन कायदे होते. पहिला १८८५ चा तारायंत्राचा कायदा. तारेने संदेश धाडण्याचा अनन्य हक्क सरकारचा आहे, इतरांनी तो सरकारच्या अनुज्ञेनेच वापरावा, असे त्यात सांगितले होते. बिनतारी संदेशांनाही पुढे तोच न्याय लागू झाला. दुसरा १९३३ चा बिनतारी यंत्रांचा कायदा. त्याने तर बिनपरवाना यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला. ह्या निर्बंधांत केवळ जुलूमच होता असे मात्र नाही. आकाशातील लहरी मर्यादित असतात. एकाच लहरीवर दोघे बोलू लागले की दोघांचेही बोलणे वाया जाते, आणि बुडत्या जहाजाची हाक कोणाच्या गाण्याखाली दडपून जाऊ नये, ही व्यवस्था कोणालाही मान्य व्हावी अशीच आहे. वाद व्यवस्थेचा नव्हता. परवाना देणारा कोण, आणि तो कोणाला जबाबदार, हा वाद होता. तो पुस्तकातून उठून मुंबईच्या भाड्याच्या बिऱ्हाडांत आला तो १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात.

गवालिया टँकच्या मैदानावर ८ ऑगस्टच्या रात्री अखिल भारतीय काँग्रेस समितीने 'चले जाव'चा ठराव संमत केला, आणि ९ तारखेचा सूर्य उगवण्यापूर्वीच गांधीजींसह सर्व प्रमुख पुढारी सरकारच्या ताब्यात गेले. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. कोणत्या गावी गोळीबार झाला, कोठे रूळ उखडले गेले, कोठे लोकांनी कचेरीवर तिरंगा चढविला, हे शेजारच्या जिल्ह्यालाही कळेनासे झाले. चळवळ देशभर पेटली होती. पण एका ठिकाणच्या ज्वाळेला दुसऱ्या ठिकाणची ज्वाळा दिसत नव्हती. सरकारी नभोवाणीवरून जे ऐकू येई त्यावर लोकांचा विश्वास राहिला नव्हता, आणि ऑल इंडिया रेडिओला 'अँटी-इंडिया रेडिओ' म्हणावे, असा विनोद त्या दिवसांत रूढ झाला होता.

अशा वेळी काही तरुणांच्या मनात आपलीच नभोवाणी काढावी हा विचार आला. त्यांत अग्रभागी होती बावीस वर्षांची कुमारी उषा मेहता. सुरतेजवळच्या सरस ह्या गावी २५ मार्च १९२० रोजी तिचा जन्म झाला. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. म्हणजे ज्या कायद्याशी कन्येला पुढे झुंजावयाचे होते, तो कायदा राबविणाऱ्या आसनावर पित्याने आयुष्य काढले होते. सायमन कमिशनच्या निषेधाच्या मिरवणुकीत आठ वर्षांची असतानाच ती सामील झाली होती. विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन १९३९ साली तिने पदवी मिळविली, कायद्याच्या अभ्यासाला आरंभ केला, आणि १९४२ साली तो अभ्यास सोडून ती चळवळीत उतरली.

नभोवाणीला पैसा लागतो. नात्यातील एका स्त्रीने आपले दागिने पुढे केले. ते घेण्यास उषाबेनचे मन धजेना. तो प्रश्न विठ्ठलदास ऊर्फ बाबुभाई खाकर ह्यांनी सोडविला. द्रव्याची व व्यवस्थेची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. विठ्ठलभाई झवेरी व चंद्रकांत झवेरी हे सहकारी मिळाले. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओ ह्या पेढीचे नानक मोटवाने ह्यांचे साह्य लाभले. डॉ. राममनोहर लोहिया भूमिगत होते. त्यांनी ह्या मंडळींशी संधान बांधून कार्यक्रमाला राजकीय दिशा दिली. नगरचे अच्युतराव पटवर्धन आणि पुरुषोत्तम त्रिकमदास ह्यांचाही हातभार होता. इंग्रजी निवेदनासाठी कुमी दस्तूर व हिंदुस्तानीसाठी मोइनुद्दीन हॅरिस असे आवाज लाभले. गुजराती, सिंधी, पारशी, मुसलमान, मराठी अशी मुंबईची सारी वस्तीच त्या लहानशा कटात एकवटली होती.

राहिला प्रश्न यंत्राचा. त्या काळी हौसेने बिनतारी यंत्र चालविणारे मोजके लोक शहरात होते. महायुद्ध सुरू होताच १९३९ साली सरकारने त्यांचे परवाने रद्द केले व यंत्रे जमा करण्याचे फर्मान काढले. परवाना रद्द करता येतो, विद्या रद्द करता येत नाही. अशा हौशी मंडळींपैकी नरिमन प्रिंटर ह्या तंत्रज्ञाने सुटे भाग जमवून प्रक्षेपक यंत्र उभे केले. ४२.३४ मीटर ही त्याची तरंगलांबी श्रोत्यांच्या स्मरणात राहिली. आजच्या परिभाषेत ती सुमारे ७,०८० किलोहर्ट्झ भरते, म्हणजे हौशी मंडळींच्या नेहमीच्या वहिवाटीचाच तो पट्टा होता. ह्या लघुलहरींचा एक गुण असा की, त्या वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरावर आदळून परततात; म्हणून माफक शक्तीचे यंत्रसुद्धा रात्रीच्या वेळी शेकडो मैल दूर ऐकू जाते. दोष असा की, यंत्राच्या आसपासच्या काही मैलांत त्या थेट जमिनीलगत पसरतात, आणि दिशाशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्याला दोन ठिकाणांहून दिशा मोजून त्या दोन रेषा जेथे छेदतात ते घर गाठता येते. शिवाय एवढ्या तरंगलांबीला साजेशी आकाशतार बांधावयाची तर अर्ध्या तरंगाच्या हिशेबाने ती पासष्ट फुटांच्या आसपास लांब हवी. दाट वस्तीत गच्चीवर एवढी तार ताणणे म्हणजे शेजाऱ्यांच्या नजरेला आमंत्रणच.

म्हणून ही नभोवाणी एका घरात फार दिवस नांदली नाही. पहिले ध्वनिक्षेपण २७ ऑगस्ट रोजी चौपाटीवरील सी व्ह्यू नावाच्या इमारतीतून झाले, आणि पुढे लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भुवन, वाळकेश्वरचा रतन महाल, महालक्ष्मीचा पॅरडाइज बंगला, गिरगावची पारेखवाडी अशी बिऱ्हाडे बदलत ती फिरत राहिली. जागा खोट्या नावांनी भाड्याने घ्यावयाची, सामान बिऱ्हाडकरूंचे म्हणून वर चढवावयाचे, आणि संशयाचा वास येताच ते गुंडाळून निघावयाचे. कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिका एका ठिकाणी तयार होत आणि त्या दुसऱ्या ठिकाणाहून क्षेपित होत, म्हणजे एक जागा हातची गेली तरी दुसरी राहावी. आपण हिंदुस्थानात कोठून तरी ४२.३४ मीटरवर बोलत आहोत, एवढेच निवेदनात सांगितले जाई. ज्या 'कोठून तरी'चा शोध सरकारी यंत्रणा घेत होती, ते 'कोठून तरी' गिरगाव चौपाटीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरातच बहुधा असे.

कार्यक्रमाचा आरंभ इक्बालांच्या 'सारे जहाँ से अच्छा' ह्या गीताने होई व शेवट 'वंदे मातरम्'ने. मध्ये हिंदुस्तानीत व इंग्रजीत बातम्या, भाषणे आणि सूचना. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील लोकांचे राज्य, ह्या वार्ता छापण्याचे धाडस जेव्हा वृत्तपत्रांना होत नव्हते तेव्हा ह्या आवाजाने त्या सांगितल्या. महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वार्ता विदर्भातील होती. १६ ऑगस्ट रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी व चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जमाव व पोलीस ह्यांच्यात रक्तपात झाला, आणि नंतर लष्कर व पोलीस ह्यांनी चिमूरवर, विशेषतः तेथील स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांची वाच्यता होऊ नये असा सरकारचा कटाक्ष होता. ह्याच प्रकरणाच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी ह्यांना पुढे ६३ दिवस उपोषण करावे लागले, ह्यावरून ती वार्ता किती दडपली गेली होती ह्याची कल्पना येते. ती काँग्रेस रेडिओने देशाला ऐकविली.

हा आवाज किती घरांत ऐकला गेला ह्याची मोजदाद नाही, व ती होणेही शक्य नव्हते. ग्रहणयंत्रे थोडी होती. जी होती त्यांवर सरकारचा परवाना होता. आणि ह्या ध्वनिक्षेपणात व्यत्यय आणण्यासाठी सरकारी बाजूने गोंगाटही सोडला जाई. तथापि, एक श्रोता मात्र अत्यंत निष्ठावान होता. तो म्हणजे स्वतः सरकार. सरकारी माणसे रोज कानाला यंत्र लावून बसत आणि जे ऐकू येई ते शब्दशः उतरवून घेत. आरोप सिद्ध करावयाचा तर पुरावा हवा, म्हणून हा खटाटोप. मूळ मंडळींना आपले कागद जपून ठेवणे शक्य नव्हते. जपलेला प्रत्येक कागद म्हणजे गळ्यातील फास. त्यामुळे आज काँग्रेस रेडिओवरून काय बोलले गेले हे जे आपल्याला वाचावयास मिळते, ते मुख्यतः त्याच सरकारी टिपणांच्या कृपेने. आवाज बंद पाडण्यासाठी ज्यांना नेमले, त्यांनीच तो पुढील पिढ्यांसाठी राखून ठेवला, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हणावयाचा.

दिशाशोधक यंत्रांनी जे साधले नाही ते अखेर माणसाच्या दुबळेपणाने साधले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती सापडला व त्याने ठावठिकाणा सांगितला. त्याच दिवशी बाबुभाई खाकरांच्या कचेरीवर धाड आली. उषाबेन तेथेच होत्या. गवालिया टँकच्या अधिवेशनाचे ध्वनिमुद्रण व महत्त्वाचे कागद घेऊन त्या पोलिसांच्या डोळ्यांदेखत निसटल्या आणि जेथे डॉ. लोहिया व हॅरिस रात्रीच्या कार्यक्रमाची तयारी करीत होते तेथे पोहोचल्या. पोलीस मागावर आहेत हे आता सर्वांना कळले होते. कार्यक्रम करावा की बंद ठेवावा? पळून जाण्याची संधी अजून होती. परंतु एका रात्रीची शांतता म्हणजे पराभवाची कबुली, असे त्यांना वाटले. उषाबेन व चंद्रकांत झवेरी पारेखवाडीच्या बिऱ्हाडात गेली, दार लावून घेतले, आणि ठरल्या वेळी यंत्र सुरू केले.

गीत झाले, बातम्या झाल्या, भाषण झाले. 'वंदे मातरम्'ची ध्वनिमुद्रिका लागली असताना दारावर धक्के बसू लागले. एकामागून एक तीन दारे फोडून अधिकारी, लष्करी तंत्रज्ञ व पोलिसांची मोठी तुकडी आत शिरली. गीत थांबविण्याचा हुकूम झाला. उषाबेननी तो मानला नाही. दोघांना अटक झाली, यंत्र जप्त झाले, आणि २७ ऑगस्टपासून धरले तर अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी ती नभोवाणी मुकी झाली. लोहिया त्या रात्री हाती लागले नाहीत. ते पुढे १९४४ च्या मे महिन्यात पकडले गेले.

चौकशी सहा महिने चालली. एकांतवास, धाकदपटशा, आणि सोबतीला आमिषेही. सहकाऱ्यांची नावे सांगितली तर परदेशी शिक्षणाची सोय करू, असेही सुचविले गेले. उषाबेननी तोंड उघडले नाही. विशेष न्यायाधीश एन. एस. लोकूर ह्यांच्यापुढे खटला उभा राहिला. आरोपी पाच: खाकर, उषा मेहता, दोघे झवेरी आणि मोटवाने. प्रिंटर माफीचा साक्षीदार झाला. प्रश्नांची उत्तरे देण्याचे आपल्यावर बंधन आहे काय, असे उषाबेननी न्यायाधीशांना विचारले. तसे बंधन नाही, असे कळताच आपण एकाही प्रश्नाला उत्तर देणार नाही, स्वतःच्या बचावासाठीसुद्धा नाही, असे त्यांनी सांगून टाकले. मे १९४३ मध्ये निकाल लागला. खाकरांना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे व चंद्रकांत झवेरी ह्यांना एक वर्ष सक्तमजुरी झाली. विठ्ठलभाई झवेरी व मोटवाने निर्दोष सुटले. १९३३ च्या कायद्यात बिनपरवाना यंत्र बाळगण्याच्या पहिल्या अपराधाला फार तर १०० रुपये दंड सांगितला होता. त्या १०० रुपयांपासून पाच वर्षांच्या सक्तमजुरीपर्यंतचे अंतर हे भारत संरक्षण नियमांचे अंतर होते, आणि यंत्रापेक्षा शब्दाचे भय सत्तेला किती अधिक वाटते, ह्याचे ते मापही होते.

ह्या कथेला एक नैतिक पेचही आहे, व तो टाळून पुढे जाणे उचित नव्हे. उषाबेन गांधीजींच्या निष्ठावंत अनुयायी. गांधीजींना मात्र गुप्तता मान्य नव्हती. सत्याग्रही जे करील ते उघड करील व त्याची शिक्षा आनंदाने भोगील, असा त्यांचा दंडक. १९४४ साली सुटका झाल्यावर त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. खोटी नावे, बदलती बिऱ्हाडे, अज्ञात ठिकाणाहून येणारा आवाज, हे सारे त्या कसोटीला कसे उतरावे? ह्याचे उत्तर तर्काने देणे कठीण आहे. परंतु शेवटच्या रात्रीकडे पाहिले म्हणजे वाटते, उत्तर कृतीने दिले गेले होते. जागा गुप्त होती, पण वार्ता उघड होती. आणि लपून राहणे व बोलणे ह्यांतून एकच निवडण्याची वेळ आली, तेव्हा उषाबेननी बोलणे निवडले व शिक्षा पत्करली. गुप्तता त्यांनी साधन म्हणून वापरली. तिचा आश्रय घेऊन त्या जगल्या नाहीत.

येरवड्याच्या तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली. १९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळ आले व त्यांची सुटका झाली. पुढे त्यांनी गांधीजींच्या राजकीय विचारांवर प्रबंध लिहिला, विल्सन कॉलेजात व मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले, आणि उत्तरायुष्यात मणिभवन येथील गांधी-संग्रहालयाच्या कार्याला वाहून घेतले. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या निवर्तल्या. मणिभवन आहे लॅबर्नम रोडवर. ज्या रस्त्यावर एके काळी त्यांनी अजित व्हिलात चोरून यंत्र लावले होते, त्याच रस्त्यावर पुढे त्या राजरोस बसून लोकांना गांधीजींची गोष्ट सांगत.

व्यक्तीची कथा येथे संपते. प्रश्नाची संपत नाही. परकी सत्ता गेली, पण १८८५ व १९३३ चे कायदे राहिले. उलट १९४९ साली बिनपरवाना प्रक्षेपकाची शिक्षा तीन वर्षांच्या कैदेपर्यंत वाढविण्यात आली. ध्वनिक्षेपणाची मक्तेदारी स्वतंत्र भारताच्या सरकारने जशीच्या तशी वारसाहक्काने घेतली. १९९५ साली क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. त्या पीठाचे अध्यक्ष न्यायमूर्ती प. बा. सावंत होते. तरीही २००६ च्या मार्च महिन्यात बिहारमधील वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूर गावी एका दुरुस्तीच्या दुकानातून एका तरुणाने चालविलेली गावकीची नभोवाणी परवाना नाही म्हणून बंद झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसंस्थांना सामुदायिक नभोवाणीची मुभा देणारे धोरण आले, आणि २००८ साली सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे माणदेशी तरंग वाहिनी रीतसर परवान्याने बोलू लागली. मात्र त्या धोरणाने अशा केंद्रांना ओव्या, शेती, आरोग्य सांगण्याची मोकळीक दिली, बातम्या सांगण्याची दिली नाही. २०२३ साली संसदेने जुन्या दोन्ही कायद्यांच्या जागी नवा दूरसंचार कायदा संमत केला.

लहरींची व्यवस्था हवी, ह्याविषयी १९४२ च्या त्या मंडळींचेही दुमत नसते. त्यांचे भांडण निराळे होते. चिमूरला काय घडले हे सांगावयाचे, तर त्यासाठी कोणाची परवानगी मागावी? ज्याने ते घडविले त्याची? पारेखवाडीची तीन दारे फोडून आत आलेल्या अधिकाऱ्यांपाशी ह्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. म्हणून त्यांनी गीत थांबविण्याचा हुकूम दिला.